वाफे वाटू नका, वार वाटा

परसबाग : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई, नमस्कार. आमच्या सोसायटीतल्या अकरा घरांनी मिळून अक्षय्य तृतीयेला गच्चीवर भाजीपाला सुरू केला. विटा रचून अकरा वाफे केले, घरटी एक. तेव्हा सगळ्यांना हुरूप होता. आता श्रावण लागला, तर पाच वाफ्यांत नुसतं गवत आहे. जे राबतात त्यांच्या मिरच्या दुसरंच कुणी तोडून नेतं. त्यावरून दोन घरांचं बोलणं बंद झालंय. मंडळ गुंडाळावं का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : मुळीच गुंडाळू नका. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, कारण आमच्या गच्चीचं पहिलं वर्ष अगदी असंच गेलं होतं. २०१४ सालची गोष्ट. पुण्यात कोथरूडला आमची तीन मजली इमारत. नऊ घरं तयार झाली, नऊ वाफे आखले, प्रत्येक वाफ्यावर नावाची पाटी लावली. मे महिन्यात चार घरं गावाला गेली. ती परत येईपर्यंत त्यांच्या वांग्याच्या रोपांच्या काड्या झाल्या होत्या. शेजारच्याच वाफ्याला रोज पाणी घालणारे एक आजोबा होते. त्यांना मी विचारलं, तेव्हा त्यांचे डोळे भरून आले. म्हणाले, “अगं, मला रोज दिसत होतं. पण पाटी त्यांच्या नावाची. दुसऱ्याच्या वाफ्यात हात कसा घालायचा?”

त्याच संध्याकाळी आम्ही पाट्या उपटल्या. तेव्हापासून वाफे सगळ्यांचे आणि वार घराघरांचे. सोमवार ते शनिवार सहा वार, त्यातल्या तीन वारांना दोन दोन घरं जोडीनं. ज्याचा वार त्यानं सकाळी पाणी घालायचं, पानं उलटी करून मागची बाजू बघायची, तयार झालेलं तोडायचं. पालेभाजी थांबत नाही, कोमेजते, म्हणून ती ज्याचा वार त्याची. दुधी, वांगी, पडवळ मात्र रविवारी सगळ्यांसमोर खाली उतरतात आणि वाटे पडतात. एखादा रविवार असा येतो की नऊ घरांत चार वांगी. मग ती चार वांगी ज्यांच्याकडे पाहुणे असतील त्यांना, असं आपोआप ठरतं.

मिरचीचं भांडण मिटवायला सोपा उपाय आहे. मिरचीची सहा-सात रोपं गच्चीच्या दाराशीच लावा आणि सांगून टाका की मिरची, कढीपत्ता, गवती चहा आणि ओवा यांना वार नाही. ज्याला फोडणीला हवं त्यानं घ्यावं. आमच्याकडे त्यानंतर एकदाही मिरचीवरून शब्द वाढलेला नाही.

एक वही मात्र हवी. आमची दाराच्या खिळ्याला सुतळीनं बांधलेली असते, पावसाळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत. त्यात दोनच ओळी लिहायच्या. ‘चवळीच्या शेंड्यावर मावा (रस शोषणारी बारीक कीड) दिसला, पाण्याच्या जोरानं धुतला, उद्या परत बघा.’ दुसऱ्या दिवशीचं घर ते वाचतं आणि पहिली नजर त्या शेंड्याकडे जाते. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोलकरांनी प्रयोग परिवार, म्हणजे स्वतः प्रयोग करणाऱ्या शेतकऱ्यांचं जाळं, उभा केला तो याच विश्वासावर : प्रत्येकानं आपल्या जागेत करून बघावं आणि जे दिसलं ते दुसऱ्याला सांगावं. गच्चीसाठी यापेक्षा मोठी शाळा मला माहीत नाही.

आणि ती पाच घरं. त्यांना बोल लावू नका, काय जमेल ते विचारा. आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या आजींना गुडघ्यांमुळे जिना चढवत नाही. त्या खिडकीत बसून बिया निवडतात, वाळवतात, पुड्या बांधून त्यावर वाणाचं नाव आणि महिना लिहितात. त्यांचा वार नाही, पण वाटा आहे. गवत माजलेले वाफे आत्ता पेरूही नका. गवत उपटून तिथंच पसरा, वर रस्त्यावरचा झाडलेला पालापाचोळा, रसवंतीकडचं उसाचं चिपाड आणि थोडं शेणखत असे थर द्या. दसऱ्यापर्यंत ते बसेल. मग मेथी, कोथिंबीर, पालक टाका. मेथी जेमतेम महिन्याभरात हाताशी येते. रुसलेल्या दोन घरांना त्या वाफ्यावर एकाच वारी जोडीनं बसवा.

प्रश्न : आमच्या दुधीला रोज फुलं येतात, बोटाएवढे दुधी धरतात आणि पिवळे पडून गळतात. खत वाढवू का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : खत वाढवू नका, संध्याकाळी गच्चीवर जा. दुधीचं फूल दिवस मावळताना उमलतं, त्या वेळी मधमाश्या घरी परतलेल्या असतात. त्याच्याकडे रात्रीचे पतंग येतात आणि शहरात, चौथ्या-पाचव्या मजल्यावर, ते पुरेसे येतीलच असं नाही. म्हणून ते काम आपण करायचं.

साडेसहा-सातला वेलाजवळ उभे राहा. चुरगळलेल्या मलमलीसारखी पांढरी पाकळी हळूहळू उलगडताना दिसेल. ज्या फुलामागे लवदार, बोटभर दुधी आहे ते मादीफूल. ज्याच्यामागे काही नाही, नुसता लांब बारीक देठ, ते नरफूल. नरफूल देठासकट खुडा, पाकळ्या मागे सोला, मधला पिवळा पराग उघडा पडेल. तो मादीफुलाच्या मधल्या भागावर सगळीकडून हलक्या हातानं टेकवा. दाबायचं नाही, अत्तर लावतो तसं. एका नरफुलावर दोन मादीफुलं होतात. तीन-चार दिवसांत दुधी फुगून खाली झुकला की समजायचं, धरला. मोठी सर आली तर पराग धुऊन जातो, तेव्हा उघडीप बघून करा.

आमच्याकडे हे काम मुलांचं आहे. वार कुणाचाही असो, श्रावणात संध्याकाळी चार-पाच पोरं ‘फुलं लावायला’ वर जातात आणि लावलेल्या फुलाला लोकरीचा धागा बांधतात. आपल्या धाग्याचा दुधी खाली उतरतो त्या दिवशी ती मुलं दुधीची भाजी मागून खातात. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

दोडक्याचंही संध्याकाळीच करा. लाल भोपळा आणि कारलं सकाळी. वेल कोवळा असताना आधी नुसती नरफुलंच येतात, तेव्हा घाबरू नका. मात्र दुधी एवढ्याशा कुंडीत असेल तर पराग लावूनही तो सगळी फळं पोसणार नाही. दोन ठेवा, बाकीची खुडा.

प्रश्न : स्लॅब गळेल म्हणून आमचे चेअरमन परवानगी देत नाहीत. त्यांना काय सांगू? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : त्यांची भीती रास्त आहे, आधी ती मान्य करा. ओली माती घनफुटाला ४५ ते ५० किलो भरते. म्हणून मातीचे वाफे नकोत, पालापाचोळ्याचं हलकं मिश्रण भरा, तेही ९ इंचांपेक्षा उंच नको. स्लॅब जुना असेल तर अभियंत्याला दाखवूनच पुढे जा. सुरुवात भाजीच्या सहा प्लास्टिक क्रेटनी करा आणि प्रत्येक क्रेट विटांवर उचलून ठेवा, म्हणजे खालून पाणी वाहतं आणि फरशी रोज दिसते. एक पावसाळा तेवढंच ठेवा. कोरडी फरशी चेअरमन स्वतः बघतील.

प्रश्न : गेल्या वर्षी विकतच्या टोमॅटोच्या रोपांचं बी धरलं. यंदा कुठे लहान, कुठे आंबट, एकही तसा नाही. आमचं काय चुकलं? (एक वाचक, सातारा)

उत्तर : तुमचं काहीच चुकलं नाही. ती रोपं संकरित असणार. दोन वेगळ्या वाणांच्या संकरातून आलेलं बी पहिल्या पिढीत एकसारखं पिकतं, पुढच्या पिढीत गुण विखुरतात. बी धरायचं तर गावरान वाणाचं. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी आयुष्यभर हेच केलं. घरात गावरान बियाण्यांची बँक उभी केली, २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांचं काम वाचल्यावर आमच्या मंडळानं ठरवलं की प्रत्येक वाणाचं एक सर्वांत चांगलं झाड वाट्यातून वगळायचं. त्याला लाल धागा. त्याची शेंग कितीही कोवळी दिसली तरी तोडायची नाही, झाडावरच वाळू द्यायची.

नवख्यांनी चवळी, वाल, घेवड्यापासून सुरुवात करावी. यांचं परागीकरण बहुतेक आपल्या आपणच होतं, त्यामुळे बी फारसं भेसळत नाही. सावलीत वाळवा, चाळलेल्या कोरड्या राखेत घोळवा, घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा. आमच्या आजींनी मागच्या आठवड्यात लाल माठ आणि चवळीच्या चाळीस पुड्या बांधल्यात. स्वतःचा पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं पाकीट मासिकाच्या पत्त्यावर पाठवा, पुड्या असेपर्यंत प्रत्येकाला दोन दोन जातील. चवळी अजून पेरता येईल, माठ तर कधीही.