कागदावर आण, बाई

शनिवारी गणपतीच्या प्रोग्रॅमला तू गाडीतच बसून राहिलीस, व्हायोलिनची केस मांडीवर, आईने दोनदा बोलावलं तरी आत आली नाहीस. मग आईकडूनच कळलं की शाळेच्या मारियाचीत, म्हणजे त्या मेक्सिकन बँडमध्ये, व्हार्सिटी या वरच्या ग्रुपला तुला घेतलं नाही, कारण ऑडिशनला समोर ठेवलेलं पान वाचता आलं नाही, आणि आता तू सोडतेच म्हणतेस. मी गाडीपाशी आलो तर माझ्याशीच भांडलीस, "काका, ओरिजिनल मारियाचीवाले कुठे नोटेशन वाचायचे?"

तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. रात्री सुचलं, ते लिहितोय.

तू ज्या मारियाची वार्गासचे व्हिडिओ बघून बघून बोटं बसवलीस ना, तो ग्रुप मेक्सिकोच्या हालिस्को राज्यातल्या तेकालित्लान नावाच्या गावात १८९७ च्या सुमारास गास्पार वार्गासने काढला. चार जण. दोन व्हायोलिन, एक हार्प, एक गिटार्रा दे गोल्पे, म्हणजे ठेका धरणारी गिटार. ट्रम्पेट नाही, चांदीच्या बटणांचे ड्रेस नाहीत, सगळं कानावर. इथपर्यंत तुझं बरोबर आहे, जा, मार्क दिले. पण अशा चौकड्या त्या भागात गावोगाव असणार आणि सव्वाशे वर्षं टिकली ही, ती का टिकली याचा विचार केलास का कधी? बापाच्या हातून १९३२ मध्ये सिल्वेस्त्रेने ग्रुप घेतला, तो शिस्तीचा माणूस. १९३४ ला सगळे मेक्सिको सिटीत आले, लासारो कार्देनास राष्ट्राध्यक्ष झाले त्या समारंभात वाजवलं, मग पोलीस खात्यात नोकरीला लागले ते वीसेक वर्षं. हो, पोलीस खात्यात. पगार चालू आणि वर रेडिओ, सिनेमे. हसू नकोस, कलाकाराला महिन्याचा पगार काय असतो हे तुला अजून कळायचंय.

आता खरा मुद्दा. १९४४ मध्ये रुबेन फुएन्तेस नावाचा पोरगा या ग्रुपमध्ये आला. वय १८, म्हणजे तुझ्याहून एक वर्षाने मोठा, क्लासिकल व्हायोलिन शिकलेला. या पोराने आणि सिल्वेस्त्रेने मिळून हट्ट धरला की वार्गासमध्ये वाजवायचं तर प्रत्येकाला नोटेशन वाचता आलंच पाहिजे. प्रत्येकाला. विचार कर, वर्षानुवर्षं कानावर वाजवलेले लोक, त्यांच्यासमोर काळे ठिपके ठेवले तर काय वाटलं असेल. तुला वाटलं तेच वाटलं असेल, पण ते गाडीत जाऊन बसले नाहीत.

आणि बघ त्यातून काय झालं. मेक्सिकोत एवढी गाणी रचणाऱ्या होसे अल्फ्रेदो हिमेनेसचं नाव घेतलंस ना तू, की त्याला कुठे वाचता यायचं? नव्हतंच येत, एक वाद्यसुद्धा धड वाजवता येत नव्हतं, चाल तोंडाने म्हणून दाखवायचा. मग ती बँडला कळली कशी? फुएन्तेस बसून लिहायचा, व्हायोलिनला काय, ट्रम्पेटला काय, गिटारोनला, त्या खर्जाच्या मोठ्या गिटारला, काय. म्हणून आज सॅन अँटोनिओच्या शाळेत सोलापूरच्या आईबापांची पोरगी ती वाजवू शकते. कुणीतरी कागदावर आणलं म्हणून. पुढे पेपे व्हियाच्या मारियाची मेक्सिको या ग्रुपमुळे दोन ट्रम्पेटची टूम आली, तीही वार्गासने घेतली. गास्पार गेले, सिल्वेस्त्रे १९८५ ला गेले, फुएन्तेस २०२२ मध्ये ९५ व्या वर्षी, माणसं बदलत गेली तरी नवीन माणूस येतो, पान उघडतो, उभा राहतो. १९७९ ला हेच वार्गासवाले तुझ्या या गावात पहिल्या मारियाची कॉन्फरन्सला आले होते आणि नुसतं वाजवून गेले नाहीत, पोरांना शिकवलं. तू आज ज्या क्लासवर चिडून बसलीस तसलेच क्लास घेतले.

आता तू अडकतेस कुठे ते पण सांगतो, दिवाळीला ऐकलं होतं मी. सोन म्हणून तो मारियाचीतला गाण्याचा प्रकार आहे ना, त्यात सहा मात्रा असतात, आपल्या दादऱ्यासारख्या. दादरा आपला सरळ, धाधीना धातीना, तीन तीन. सोन तसा सरळ राहत नाही, आत्ता तीन तीन म्हणेपर्यंत दोन दोन दोन होतो, परत तीन तीन, कधी तर एकाच वेळी खाली गिटारोन एक धरतो आणि वर विउएला, ती छोटी गिटार, दुसरं. आणि मध्ये तुझा बो लटकतो. तू व्हिडिओ मागे घेऊन घेऊन चाळीस वेळा ऐकतेस नि तरी तिथेच लटकतेस. पानावर ती जागा दिसते गं. डोळ्याला दिसते. पेन्सिलने दोन रेघा मारल्या की संपलं. कागदावर आण म्हणतोय ते यासाठी, कारकुनी म्हणून नाही.

कारकुनी हा माझाच शब्द. सोलापूरला माझा ऑर्केस्ट्रा होता, ११ वर्षं, लग्न, गणपती, गॅदरिंग, सगळं. क्लॅरिनेट मी वाजवायचो. आमच्या अकॉर्डियनवाल्याने इतके सुंदर तुकडे बसवले होते मधले मधले, की लोक गाणं सोडून ते ऐकायला थांबायचे. तो एकदा म्हणाला, हे लिहून ठेवू या. मी काय म्हणालो? "कागद बघून वाजवणारे ते कारकून, आपण कलाकार." सगळे हसले. दोन वर्षांनी तो मस्कतला गेला, आणि त्याच्याबरोबर सगळे तुकडे गेले. नवीन पोरगा आला, चांगला होता, पण त्याला द्यायला माझ्याकडे काय होतं? "असं असं टॅरा रा रा" एवढंच. सहा महिन्यात बंद.

आता तू म्हणशील काकाने तेव्हाच लिहायला हवं होतं. अगं पण एका रात्रीत दोन दोन प्रोग्रॅम असायचे, पहाटे चारला घरी, सकाळी दुकान, कोण बसणार लिहायला. आणि शिकवणार तरी कोण होतं आम्हाला. भातखंड्यांनी गुरुमुखातल्या शेकडो बंदिशी लिहून काढल्या, त्यांनाही लोकांनी नावं ठेवलीच की, मग मी कोण. असो. वेळ नव्हता हे खरं आहे, पण मिजास होती हे जास्त खरं आहे.

आणि तू तर असल्या सबबी सांगूच नकोस. घरात मराठी बोलता येत होतं ना तुला? तरी दर शनिवारी मराठी शाळेत आईने फरफटत नेलं, क ख ग गिरवलंस, किती रडलीस. आज हे पत्र वाचतेयस, अडखळत का होईना. बोलणं विसरलीस का वाचायला आल्यावर? मग कान कसा जाईल तुझा? तुझा कान फार चांगला आहे, म्हणून तर एवढा राग येतोय.

सोडू नकोस वगैरे मी म्हणणार नाही, ते तुझं तू बघ. पण सोडायचं तर वाचायला शिकून सोड.

आणि एक काम आहे. आमच्या ऑर्केस्ट्राची एकच कॅसेट उरलीय, तिच्यावरून मी तो अकॉर्डियनचा तुकडा लिहून काढतोय, तीन महिने झाले. नवव्या ओळीला पब्लिकमध्ये कुणीतरी शिट्टी मारलीय आणि त्याखालचे चार सूर मला लागतच नाहीत, वय झालं कानांचं. रविवारी साडेदहाला ये, व्हायोलिन घेऊन. तू ऐकून सांग, मी लिहितो. मग पुढच्या ओळीला तू लिही.