राजापूरकडच्या आमच्या आंब्याच्या बागेतल्या कुत्र्याच्या नाकातून जखम नसताना रक्त येतंय, कशामुळे? माणसांनाही असं होतं का?

राजापूरकडची आंब्याची बाग म्हणताय, म्हणून माझा पहिला संशय उंदराच्या औषधावर. ब्रोमाडिओलोनसारखी औषधं शरीरात ‘के’ जीवनसत्त्वाचं काम अडवतात, मग रक्त गोठेनासं होतं. फसवी गोष्ट म्हणजे खाल्ल्यावर दोन-तीन दिवस कुत्रा धडधाकट दिसतो. औषधाचं पाकीट सापडलं तर पशुवैद्यांकडे सोबत न्या. उतारा म्हणून ‘के-१’ जीवनसत्त्व वेळेत सुरू झालं तर बहुतेक कुत्री वाचतात, पण ते काही आठवडे चालू ठेवावं लागतं.

दुसरा संशय गोचीडतापाचा, म्हणजे गोचीड चावून होणाऱ्या आजाराचा. ओठ वर करून हिरड्या बघा. पांढुरक्या पडल्यात? टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके आहेत? मग प्लेटलेट (रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी) घसरल्या असण्याची शक्यता मोठी. कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात गोचीड शोधा.

फुरसं (विषारी साप) चावलं तरी असंच होतं, माणसालाही. गडग्यात (दगडी कुंपणात) हात घातला, काहीतरी डसलं आणि नंतर हिरड्यांतून रक्त यायला लागलं, तर मांत्रिक-बिंत्रिक नको, थेट सरकारी रुग्णालय. तिथे रक्त काचेच्या नळीत २० मिनिटं ठेवून गोठतं का ते बघतात. माणसांत बाकी कारणं म्हणजे डेंगी, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस), यकृताचे आजार, रक्त पातळ करायच्या गोळ्या. दोडामार्गकडे असाल आणि ताप असेल तर माकडतापाचंही (गोचिडींमुळे माणसांना होणारा विषाणूजन्य ताप) डॉक्टरांना विचारा.

घरातली ॲस्पिरिन किंवा ब्रुफेन कुत्र्याला अजिबात देऊ नका, रक्तस्राव वाढतो. पशुवैद्यांना आजच गाठा.