माठ चाकावरच पूर्ण होतो का आणि नाशिककडे हे काम कोण टिकवून आहे?

चाकावर माठाचे तोंड, गळा आणि जाड अंग तेवढे घडते. माती जरा आवळली की कुंभार आतून आधाराला दगडाचा किंवा भाजलेल्या मातीचा गोळा धरतो आणि बाहेरून लाकडी थापटण्याने ठोकत पोट फुगवून भिंत पातळ करतो. मातीत कालवलेली लीद भट्टीत जळून बारीक छिद्रे राहतात, त्यांतून झिरपणारे पाणी वाळताना माठ गार करते. टिकवून आहेत ती कुंभारांची घरे. माती चाळणे, मळणे, मडकी सुकवणे, आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या घागरी, नवरात्रातले घट आणि संक्रांतीची सुगडी घेऊन बाजारात बसणे, यांतला मोठा भार घरातल्या बायका उचलतात; म्हणून केवळ चाकावर बसणाऱ्यालाच कारागीर म्हणणे मला अन्यायाचे वाटते.