नाणेपेटी : स्टिकर सोलू की राहू देऊ?

या महिन्यात शिवराईवर एकही पत्र नाही, होनावर नाही, राणीछाप रुपयावरही नाही. आली ती तिन्ही पत्रं बिटकॉइनची, म्हणजे फक्त संगणकावर असणाऱ्या पैशाची. बँकेच्या कॅश काउंटरवर एकतीस वर्षं नोटा मोजून मी निवृत्त झालो. जे हातात धरता येत नाही तो पैसा मला आजही नीट पटत नाही. पण नाणं पितळेचं असलं की ते माझ्या हद्दीत येतं, म्हणून उत्तरं देतो.

प्रश्न : मुलाने २५० रुपयांना एक सोनेरी बिटकॉइन मागवलं. डबी छान आहे. ऑफिसमधला एक जण म्हणतो, ‘लिमिटेड एडिशन आहे, मी पाच हजार देतो, आणखी चार मागव.’ काय करू? — एक वाचक, डोंबिवली

उत्तर : पाच हजार मिळत असतील तर आजच द्या, आणि नंतर त्या गृहस्थांशी मैत्री टिकेल का याचा विचार करा. त्या नाण्यात बिटकॉइन नाही. तो फक्त बिटकॉइनचं चित्र असलेला बिल्ला आहे. अमेरिकेत २०१३ साली एक औंसाची तांब्याची शोभेची नाणी निघाली होती, त्यांचीच नक्कल आता पोत्याने येते. काहींवर ‘एक औंस शुद्ध तांबं’ असंही छापलेलं असतं. फ्रिजवरचं चुंबक लावा. चिकटलं तर आत लोखंड आणि वर मुलामा. वजनकाटा असेल तर छापलेल्या औंसाइतकं भरतं का तेही बघा. मुलाला टेबलावर ठेवायला हरकत नाही, दिसायला देखणं आहे.

प्रश्न : आमचे हे गेल्या वर्षी गेले. त्यांच्या ड्रॉवरमध्ये आजोबांच्या अंगठीच्या डबीत एक पितळी नाणं मिळालं. पुढच्या बाजूला बिटकॉइनचं चिन्ह आहे, मागे चकाकणारं गोल स्टिकर आणि त्यात छोट्याशा खिडकीत बारीक अक्षरं. साल २०११. मुलगा म्हणतो, ‘आई, सोल, आत पैसे आहेत.’ माझा हात धजत नाही. ह्यांनी ते कशासाठी घेतलं होतं तेही मला कधी सांगितलं नाही. — सु. कु., सॅक्रामेंटो, कॅलिफोर्निया

उत्तर : ताई, हात धजत नाही ते बरंच आहे. मुलाला थोडं थांबायला सांगा, पण त्याच्यावर रागावू नका, तो अगदीच चुकीचं बोलत नाहीये.

वर्णनावरून हे कसासियस नाणं दिसतंय. अमेरिकेतल्या युटा राज्यात माइक काल्डवेल नावाच्या गृहस्थाने २०११ ते २०१३ या काळात ही नाणी केली. नावाची गंमत अशी की ‘कॉल अ स्पेड अ स्पेड’ या इंग्रजी वाक्याच्या आद्याक्षरांवरून ते घडवलंय. आपण ‘रोखठोक’ म्हणतो तसं काहीसं. वर लॅटिनमध्ये ‘व्हिरेस इन न्युमेरिस’, म्हणजे ‘आकड्यांत बळ’, असं कोरलेलं असतं. तुमच्या नाण्यावर ते आहे का पाहा.

आता त्याचं गुपित. स्टिकरखाली कागदाचा एक इवलासा तुकडा असतो आणि त्यावर एस या अक्षराने सुरू होणारी गुप्त किल्ली छापलेली असते. ती किल्ली ज्याच्या हातात, त्याचं बिटकॉइन. खिडकीतली जी अक्षरं तुम्हाला दिसतात, ती त्या खात्याच्या पत्त्याची पहिली आठ अक्षरं. बाहेर पत्ता आणि आत किल्ली, असा सगळा मामला. स्टिकर एकदा उचकटलं की त्यावर मधाच्या पोळ्यासारखी जाळी उमटते, मग ते परत चिकटवून कुणाला फसवता येत नाही. आधी टॉर्च धरून ती जाळी आहे का, तेवढं बघा.

नसेल तर दुसरं काम. बिटकॉइनच्या व्यवहारांची वही सगळ्या जगाला उघडी असते. कसासियसच्या पत्त्यांची यादीही जाहीर आहे. मुलाला ती आठ अक्षरं त्या यादीशी ताडून पाहू द्या. पत्ता जुळला आणि खात्यात एक बिटकॉइन अजून बसलेलं असलं, तर अंगठीच्या डबीत काय आहे ते तुम्हाला कळेल. डिसेंबर २०२४ मध्ये एका बिटकॉइनचा भाव एक लाख डॉलरच्या वर गेला होता. यासाठी स्टिकरला हात लावावा लागत नाही.

तिसरं, भिंग घ्या आणि स्टिकरवर छापलेलं नाव अक्षर-अक्षर वाचा. पहिल्या खेपेच्या स्टिकरवर कसासियसच्या स्पेलिंगमधला मधला एस गळला होता. नाणं बनवणाऱ्याने स्वतःचंच नाव चुकवलं! आमच्या धंद्यात चूक म्हणजे भाव. ती चूक तुमच्या नाण्यावर असेल आणि स्टिकर शाबूत असेल, तर संग्राहक त्याला आतल्या बिटकॉइनपेक्षा जास्त देतात. सोललंत की हा वरचा भाव गेला, कायमचा.

इथे माझीच एक गोष्ट सांगतो. मी नववीत होतो. वडिलांच्या पेटीत एक काळी पडलेली शिवराई होती. दिवाळीची तांब्याची भांडी घासायला आईने चिंच भिजत घातली होती, त्यात मी ती शिवराई टाकली. नव्या पैशासारखी लखलखीत झाली. वडिलांना दाखवली. ते काही बोलले नाहीत, फक्त ती उलटी-सुलटी करून बघत राहिले. पुढे जुन्या बाजारातल्या एका दुकानदाराने मला सांगितलं की दोन-अडीचशे वर्षांचा तो काळा थर म्हणजेच नाण्याची साक्ष, आणि तू ती धुऊन काढलीस. ती शिवराई अजून माझ्याकडे आहे. विकायला काढली तर मोडीचा भाव येईल.

तर तुमच्यासाठी माझं मत असं. सोलू नका, पण अंगठीच्या डबीतही ठेवू नका. बँकेचा लॉकर घ्या. नाणं गरम जागी नको, कुठलं रसायन नको, सेलोटेप तर नकोच. नातेवाइकांच्या ग्रुपवर फोटो टाकू नका. फोटोवरून कुणी पैसे काढू शकत नाही हे खरं, पण चोराला घर कळतं. विकायचं ठरलं तर नाणी तपासून सीलबंद करणाऱ्या नामांकित संस्थेकडून ते आधी प्रमाणित करून घ्या आणि मोठ्या लिलावघरात द्या. याच जातीचं २५ बिटकॉइनचं एक नाणं डिसेंबर २०२१ मध्ये तिकडच्या लिलावात सुमारे १७ लाख डॉलरना गेलं. घरी येऊन रोख देतो म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

पैशाची खरीच गरज असेल तर सोला, त्यात पाप नाही. मात्र ती किल्ली कुठल्याही वेबसाइटवर टाइप करायची नाही. ज्याच्यावर तुमचा पुरता विश्वास आहे आणि ज्याला यातलं कळतं, अशा माणसाला शेजारी बसवून त्याच बैठकीत सगळी रक्कम स्वतःच्या नव्या वॉलेटमध्ये, म्हणजे बिटकॉइनच्या खात्यात, वळवा. ऑगस्ट २०१७ मध्ये बिटकॉइनची वाट फुटून बिटकॉइन कॅश नावाचं वेगळं चलन निघालं, त्यामुळे त्याच किल्लीवर तेही मिळतं. ते विसरू नका. कराचं तुमच्या तिथल्या सीपीएला, म्हणजे आपल्याकडच्या सीएसारख्या माणसाला, विचारा. वारशाने आलेल्या मालमत्तेची किंमत तुमच्या देशात सहसा मृत्यूच्या दिवसाच्या भावाने धरतात, त्यामुळे त्या दिवसाचा भाव लिहून ठेवा. तेच बिटकॉइन इथे भारतात विकलं असतं तर २०२२ पासून नफ्यावर सरळ ३० टक्के कर आहे.

राहता राहिलं तुमच्या यजमानांनी ते का घेतलं. नोव्हेंबर २०१३ मध्ये अमेरिकी अर्थखात्याच्या विभागाने काल्डवेलना कळवलं की तुमचं काम पैसे हस्तांतर करणाऱ्याचं ठरतं, आणि त्यांनी बिटकॉइन भरलेली नाणी करणं थांबवलं. त्याआधीच्या त्या दोन-तीन वर्षांत अशी नाणी घेणारे बहुतेक हौशी होते. २०११ मध्ये एका बिटकॉइनला काही डॉलरच पडत होते. आजोबांच्या अंगठीशेजारी जागा दिली म्हणजे वस्तू त्यांना आवडली होती, एवढं मी नाणेवाला म्हणून सांगू शकतो.

प्रश्न : मोठे बंधू लंडनला होते. त्यांच्या सामानात ३ जानेवारी २००९ चा ‘द टाइम्स’ सापडला. याचा बिटकॉइनशी संबंध आहे म्हणतात. भावाने आतलं शब्दकोडं पेन्सिलीने अर्धं सोडवलंय. ते खोडून टाकू का? — एक वाचक, नाशिक

उत्तर : संबंध आहे. त्या दिवशी पहिल्या पानावर बातमी होती की बँकांना दुसऱ्यांदा वाचवायच्या बेतात अर्थमंत्री आहेत. बिटकॉइन सुरू करणाऱ्या सातोशी नाकामोतो या टोपणनावाच्या माणसाने तो मथळा, तारखेसह, बिटकॉइनच्या व्यवहारांच्या वहीच्या, म्हणजे ब्लॉकचेनच्या, पहिल्याच ठोकळ्यात कोरून ठेवला. त्यामुळे ते रद्दीतलं वर्तमानपत्र संग्राह्य झालं. अशा वस्तूंची हौस कुठवर जाते पाहा : जुलै २०१७ मध्ये अमेरिकी संसदेत तिथल्या मध्यवर्ती बँकेच्या तेव्हाच्या प्रमुख जॅनेट येलेन बोलत असताना मागे बसलेल्या एका तरुणाने पिवळ्या पॅडवर ‘बाय बिटकॉइन’ लिहून ते कॅमेऱ्यासमोर धरलं. तो कागद २०२४ साली १६ बिटकॉइनना, म्हणजे सुमारे दहा लाख डॉलरना, विकला गेला.

तुमचा अंक मूळ आहे की नंतरची प्रतिकृती, हे आधी ठरवा. पहिल्या पानाच्या नकला फार आहेत. संपूर्ण अंक, आतली पानं आणि लंडनहून आलेलं सामान असेल तर बाजू भक्कम. घडी उलटी करू नका, लॅमिनेशन तर चुकूनही नको. आम्लविरहित कागदाच्या फोल्डरमध्ये सपाट ठेवा आणि उजेडापासून लांब, नाहीतर न्यूजप्रिंट पिवळं पडून तुकडे होतात.

शब्दकोड्यामुळे गिऱ्हाईक दोन पैसे कमी देईल. देऊ दे. खोडरबर लावू नका. राहिलेले उभे-आडवे शब्द तुम्ही सोडवायला घेतलेत तर मात्र वेगळ्या कागदावर.