वाचकांचे प्रश्न : स्कॅनरसाठी घराबाहेरची अँटेना

प्रश्न : गेल्या वर्षी मला हॅम म्हणजे हौशी रेडिओचा परवाना मिळाला आणि त्यापाठोपाठ मी हातात मावणारा एक स्कॅनर, म्हणजे निरनिराळ्या वारंवारता चाळून ऐकवणारा रेडिओ, घेतला. आमचे घर कौलारू असून तिन्ही बाजूंनी टेकड्या व एका बाजूला शेत आहे. सोबत आलेल्या रबरी अँटेनावर जवळचे एखाद-दुसरे हॅम केंद्र तेवढे ऐकू येते, बाकी सगळी खरखर. दुकानदार डिस्कोन घ्या म्हणतो, एक हॅम मित्र यागी घ्या म्हणतो. खर्च बेताचाच करायचा आहे. कोणती अँटेना घ्यावी आणि ती किती उंच लावावी? विमानांचे बोलणेही ऐकता येईल का? – एक वाचक, फोंडा तालुका

उत्तर : शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. आपला परवाना हॅम पट्ट्यांपुरता आहे. दुसऱ्यांचे संदेश अनधिकृतपणे ऐकणे ही आपल्याकडे कायद्याच्या कक्षेत येणारी गोष्ट आहे आणि गोव्यातला दाबोळीचा विमानतळ तर नौदलाच्या तळावरच आहे. तेव्हा त्या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. हॅमचा १४४ ते १४६ मेगाहर्ट्झचा दोन मीटर पट्टा, ४३५ मेगाहर्ट्झच्या आसपासचा सत्तर सेंटिमीटर पट्टा आणि त्या दोहोंवर बोलणारे हॅम उपग्रह एवढे ऐकायला मिळाले तरी वर्षभर पुरेल.

आता अँटेनाकडे वळू. डिस्कोन ही वाईट अँटेना नव्हे. आर्मिग कँडोइयन यांना १९४५ साली तिचे पेटंट मिळाले. वर चकती आणि खाली शंकू अशा तिच्या रचनेमुळे एकच अँटेना फार मोठा पट्टा पेलते. मात्र ती सगळीकडे सारखी चालते म्हणजे कुठेच विशेष चालत नाही. कोणत्याही एका पट्ट्यावर ती साध्या द्विध्रुवाच्या, म्हणजे दोन सळयांच्या अँटेनाच्या, पुढे जात नाही आणि आपल्याला नको असलेली प्रसारणेही ती तितक्याच आपुलकीने आत घेते. शिवाय बाजारातल्या डिस्कोनला आट्यांवर बसवलेल्या डझन-दीड डझन बारीक सळया असतात. आपल्या खाऱ्या वाऱ्यात आणि वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पडणाऱ्या पावसात त्यांतल्या दोन-चार सळया दुसऱ्या-तिसऱ्या पावसाळ्यात अंगणात सापडतात. यागीचा, म्हणजे एका दांडीवर ओळीने सळया बसवलेल्या अँटेनाचा, जोर खरा, पण तो एकाच दिशेला. ज्याच्याशी बोलायचे ते केंद्र कुठे आहे हे ठरलेले असेल तर यागी लावावी. चहूकडचे ऐकायचे असेल तर ती फिरवण्याची सोय करावी लागते, आणि मग आपण म्हणता तो बेताचा खर्च बेताचा राहत नाही.

आपल्याला मी पाव तरंगलांबीची ग्राउंड-प्लेन अँटेना, म्हणजे एक उभी सळई आणि तिच्या बुडाशी पसरलेल्या चार सळया, सुचवीन, आणि तीही घरी केलेली. ७१.२५ या आकड्याला मेगाहर्ट्झच्या आकड्याने भागले की उभ्या सळईची लांबी मीटरमध्ये मिळते. १४५ मेगाहर्ट्झसाठी ती ४९ सेंटिमीटर येते. हार्डवेअरच्या दुकानातून तीन मिलिमीटर जाडीची पितळी सळई आणावी. एसओ-२३९ या केबल जोडायच्या चौकोनी सॉकेटच्या मधल्या टोकाला ४९ सेंटिमीटरचा उभा तुकडा डाख देऊन जोडावा आणि सॉकेटच्या चार कोपऱ्यांवरील भोकांत साडेएकावन्न सेंटिमीटरचे चार तुकडे बसवून ते खाली ४५ अंशांत वाकवावेत. हे चार तुकडे आडवे ठेवले तर अँटेनाचा रोध (इम्पीडन्स) ३६ ओहमच्या आसपास राहतो, खाली वाकवले की तो स्कॅनरला हव्या असलेल्या ५० च्या जवळ येतो. छत्रीच्या काड्यांसारखे ते झुकलेले असतात ते यासाठी. प्रत्येक टोकाला लहानसा गोल वळसा द्यावा, म्हणजे काम करताना कुणाच्या डोळ्याला इजा होणार नाही. या अँटेनाचा एक गुण मला विशेष आवडतो. १४५ ची तिप्पट ४३५, त्यामुळे तीच सळई सत्तर सेंटिमीटर पट्ट्यावर पाऊण तरंगलांबीची होते आणि तिथेही ऐकण्यापुरती चांगली चालते.

उंचीचे गणित सोपे आहे. अँटेनाच्या मीटरमधील उंचीचे वर्गमूळ काढून त्याला ४.१२ ने गुणले की रेडिओचे क्षितिज किलोमीटरमध्ये मिळते. आपली अँटेना ९ मीटरवर असेल तर तिचे क्षितिज सुमारे १२ किलोमीटर आणि समोरच्याची १६ मीटरवर असेल तर त्याचे साडेसोळा. दोघांची बेरीज २९ किलोमीटर होते. नऊची सोळा मीटर उंची गाठायला खांब, ताण, मजूर असे सगळे लागते आणि पदरात जेमतेम चार किलोमीटर पडतात. शिवाय हे गणित मोकळ्या मैदानाचे आहे, टेकडी ते ऐकत नाही. म्हणून खांब उभारण्यापूर्वी एका लांब बांबूला ती अँटेना बांधून, ओळखीचे हॅम केंद्र बोलत असताना घराभोवती फिरावे. शेताकडच्या बाजूला दहा पावले सरकल्याने जो फरक पडतो, तो कित्येकदा चार मीटर उंचीनेही पडत नाही. १४५.८०० मेगाहर्ट्झवर बोलणारे आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक डोक्यावरून जाताना मात्र टेकड्यांचा अडसर राहत नाही. ते चारशे किलोमीटरहून उंच असते आणि त्याच्यासाठी खांबाच्या उंचीने काहीच बिघडत नाही. माडाला अँटेना बांधण्याचा मोह अनेकांना होतो, तो टाळावा. माड झुलतो, त्याची झावळी पडते आणि वीजही त्याच्यावरच आधी पडते.

ज्याकडे दुकानात कुणी लक्ष वेधत नाही ती वस्तू म्हणजे केबल. बारीक, काळी आरजी-५८ केबल वीस मीटर टाकली तर १४५ मेगाहर्ट्झवर चार डेसिबलच्या आसपास, म्हणजे आलेल्या संकेतातील निम्म्याहून अधिक भाग, वाटेतच जिरतो. ४३५ वर तर जेमतेम पाचवा हिस्सा खाली पोहोचतो. टीव्हीच्या डिशसाठी मिळणारी आरजी-६ केबल तिच्याहून स्वस्त पडते आणि १४५ मेगाहर्ट्झवर तेवढ्याच लांबीत दोन डेसिबलही खात नाही. ती ७५ ओहमची आहे म्हणून नाक मुरडणारे भेटतील, पण नुसते ऐकण्यासाठी त्या विजोडपणाचा तोटा डेसिबलच्या पाचव्या हिश्शाएवढाच आहे. तिची जाळी बहुधा अ‍ॅल्युमिनियमची असते व तिला डाख धरत नाही, म्हणून दाबून बसवायचे कनेक्टर वापरावेत. पुढे या अँटेनावरून बोलायचेही असेल तर मात्र ५० ओहमची जाड केबलच घ्यावी.

आपल्याकडच्या अँटेना बिघडतात त्या मुख्यतः सांध्यापाशी. एका पावसाळ्यानंतर माझी स्वतःची केबल सोलून पाहिली तेव्हा तांब्याची जाळी हाताच्या लांबीपर्यंत हिरवी पडली होती. तांब्याच्या भांड्यात ताक कळकावे तशी. पाणी कनेक्टरच्या तोंडातून शिरते आणि जाळीतून वातीसारखे खाली उतरत जाते. म्हणून सांध्यावर आधी स्वतःशीच एकजीव होणारी रबरी टेप आणि तिच्यावर ऊन सोसणारी साधी टेप गुंडाळावी. गुंडाळताना खालून वर जावे, म्हणजे कौलांसारखा प्रत्येक थर खालच्यावर चढतो आणि पाणी ओघळून जाते. घरात शिरण्यापूर्वी केबलला खाली लोंबता वळसा द्यावा, म्हणजे थेंब तिथूनच गळेल.

विजेबाबत हयगय नको. खांब जाड तांब्याच्या पट्टीने जमिनीला जोडावा आणि ती जोडणी घराच्या अर्थिंगशीही जोडलेली असावी. दोन स्वतंत्र अर्थिंग असली की त्यांच्यामधला दाब आपल्या उपकरणातून वाट काढतो. चिऱ्याची जमीन उन्हाळ्यात कोरडी पडून वीज नीट वाहू देत नाही, म्हणून खड्ड्याला पाणी घालत राहावे. खांब आडवा झाला तरी विजेच्या तारांपर्यंत पोहोचणार नाही एवढे अंतर राखावे. एप्रिल-मे आणि ऑक्टोबरमध्ये गडगडू लागण्याआधीच केबल काढून ठेवावी, आणि काढलेले टोक खोलीत न ठेवता बाहेर ठेवावे.

प्रश्न : अँटेना लावल्यापासून स्कॅनरवर दोन मीटर पट्ट्यात मध्येच गाणी ऐकू येतात. बूस्टर लावला तर ती जातील का? – एक वाचक, पणजी

उत्तर : जाणार नाहीत, वाढतील. पणजीत एफएमचे प्रसारण घराजवळच असते, आकाशवाणीचे १०५.४ मेगाहर्ट्झचे केंद्र तर सर्वांच्या ओळखीचे आहे. इतका जोरकस संकेत आत आला की स्कॅनरचा पहिला भाग भांबावतो आणि जिथे काहीच नाही तिथेही गाणी उमटतात. बूस्टर बऱ्या-वाईटाचा निवाडा न करता सगळेच वाढवतो. खात्री करायची तर बाहेरची अँटेना काढून रबरी अँटेना लावून पाहावी. गाणी नाहीशी झाली तर ती खोटी होती असे समजावे. ८८ ते १०८ मेगाहर्ट्झचा पट्टा अडवणारी लहानशी फिल्टरची डबी केबल व स्कॅनर यांच्यामध्ये लावावी. बूस्टरचा उपयोग लांब केबलमधील गळती भरून काढण्यापुरता असतो आणि तोही तो अँटेनापाशी बसवला तरच. खोलीत बसवलेला बूस्टर, केबलमध्ये जे जिरून गेले ते परत आणू शकत नाही.

प्रश्न : दूरदर्शनची जुनी अँटेना छपरावर तशीच आहे. ती चालेल का? – एक वाचक, डिचोली

उत्तर : तशीच नाही. तिच्या दांड्या आडव्या आहेत आणि हॅमची स्थानिक केंद्रे उभ्या अँटेनावरून बोलतात. या विसंगतीने वीस डेसिबलपर्यंत, म्हणजे शंभरातले नव्याण्णव भाग, हातचे जाऊ शकतात. ती कुशीवर वळवून दांड्या उभ्या कराव्यात तर तिची मापे वेगळ्या पट्ट्यासाठी कापलेली आहेत, त्यामुळे ऐकू येईल ते योगायोगाने. खांब मात्र गंजलेला नसेल तर उपयोगी पडेल. जुनी अँटेना उतरवताना पकडीचे बोल्ट फिरत नसतील तर जोर लावू नये, आदल्या रात्री त्यांत खोबरेल नव्हे तर गंज सोडवणारे तेल सोडून ठेवावे.