श्रीधरन यांच्या वाटेने जायचे तर स्थापत्य सोडू नये

मिरजेच्या पालकांना सप्रेम नमस्कार.

आपली कन्या सांगलीत स्थापत्य अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे, कोकण रेल्वे व दिल्ली मेट्रो उभारणारे अभियंते ई. श्रीधरन यांच्यावर महाविद्यालयात निबंध वाचल्यापासून तिने रेल्वेत जाण्याचा ध्यास घेतला आहे आणि एवढ्या मोठ्या पदावर पोहोचायचे असेल तर पदवीनंतर तिने व्यवस्थापनाकडे वळावे, असे आपल्याला वाटते. आपली काळजी मी समजू शकतो; तरीही तिला स्थापत्य अभियंता म्हणूनच रेल्वेत जाऊ द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

श्रीधरन 1954 मध्ये रेल्वेच्या अभियांत्रिकी सेवेत रुजू झाले आणि कोकण रेल्वे महामंडळाची धुरा त्यांच्याकडे आली ती 1990 मध्ये. मधल्या छत्तीस वर्षांत त्यांच्यातला नेता घडला तो प्रत्यक्ष कामावर. डिसेंबर 1964 च्या चक्रीवादळात रामेश्वरमला जोडणाऱ्या पांबन पुलाचे बहुतेक गर्डर (रुळांचा भार पेलणाऱ्या तुळया) समुद्रात कोसळले, तेव्हा दुरुस्तीसाठी रेल्वेने सहा महिन्यांची मुदत ठरवली होती आणि वरिष्ठांनी ती तीन महिन्यांवर आणली होती. नवे गर्डर घडवून येईपर्यंत थांबण्याऐवजी बुडालेले गर्डर शोधून, वर काढून पुन्हा बसवण्याचा मार्ग श्रीधरन यांनी धरला आणि पूल 46 दिवसांत उभा केला. समुद्रातून निघालेला कोणता गर्डर पुन्हा भार पेलेल, हे ओळखायला स्थापत्याचेच ज्ञान लागते.

कोकण रेल्वेच्या वेळी त्यांनी मार्गाचे विभाग पाडून प्रत्येक विभागाच्या मुख्य अभियंत्याला निर्णयाचे अधिकार दिले. रत्नागिरीजवळचा 64 मीटर उंचीचा पानवल नदीचा पूल आणि साडेसहा किलोमीटरचा करबुडे बोगदा त्या काळातले आहेत. भुसभुशीत मातीतल्या पेडणे बोगद्याने मात्र अखेरपर्यंत सर्वांची परीक्षा पाहिली आणि या मार्गाच्या उभारणीत अनेक कामगारांचे प्राण गेले, हेही आपल्या कन्येने विसरू नये. पुढे जुलै 2009 मध्ये दिल्ली मेट्रोच्या बांधकामावर अपघात झाला, तेव्हा श्रीधरन यांनी नैतिक जबाबदारी स्वीकारून राजीनामा दिला; तो स्वीकारला गेला नाही. त्यांच्या वारशातला हा भाग मला पद्मविभूषणापेक्षा मोलाचा वाटतो.

आता परीक्षेविषयी. रेल्वेतील स्थापत्य शाखेचे अधिकारी केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या अभियांत्रिकी सेवा परीक्षेतून निवडले जातात, तर वाहतूक, लेखा व कार्मिक विभागांसाठी नागरी सेवा परीक्षा असते. अलीकडे या नियमांत बरेच फेरबदल झाल्यामुळे त्या-त्या वर्षाची अधिसूचना नीट वाचावी. अभियांत्रिकी सेवेची वयोमर्यादा खुल्या गटासाठी 21 ते 30 वर्षे असून पदवीच्या शेवटच्या वर्षातील विद्यार्थ्यांनाही अर्ज करता येतो. परीक्षा एकूण 1300 गुणांची असते आणि तिची तयारी महाविद्यालयाच्या अभ्यासक्रमाशी बरीच जुळते, म्हणून मृदा यांत्रिकी व संरचना हे विषय तिने आतापासूनच पक्के करावेत. जोडीला रेल्वे भरती मंडळाची कनिष्ठ अभियंता परीक्षा द्यावी. ते पद कमी प्रतीचे मुळीच नाही आणि तेथून विभागीय परीक्षांद्वारे वर जाण्याची वाट आहे.

या नोकरीत परराज्यात बदल्या होतात, रुळांची कामे रात्री-अपरात्री निघतात आणि पावसाळ्यात दरड कोसळली तर सणवार बाजूला ठेवून निघावे लागते. हे तिला मान्य आहे का, याविषयी घरातल्या सर्वांनी तिच्याशी आत्ताच मोकळेपणाने बोलावे आणि तिचे उत्तर मला अवश्य कळवावे.