पांढरी नकाशावर चढवताना

प्रश्न : आमच्या शिवारात तेरणेकाठी पांढरीचं, म्हणजे जुन्या उजाड गावठाणाचं टेकाड आहे. नांगराला खापरं, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे लागतात. ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशावर, कसं नोंदवू? – एक शिक्षक, धाराशिव जिल्हा

उत्तर : गुरुजी, नुसता ठिपका नको, टेकाडाच्या कडेनं फिरून हद्द आखा. नोंदीच्या डावीकडच्या रकान्यात 'हिस्टॉरिक' (historic) आणि त्यापुढे 'आर्किऑलॉजिकल_साइट' (archaeological_site), म्हणजे पुरातत्त्वीय स्थळ, असं इंग्रजीत लिहा. मग दुसऱ्या ओळीत 'आर्किऑलॉजिकल_साइट' डावीकडे घेऊन पुढे प्रकार : 'सेटलमेंट' (settlement), म्हणजे जुनी वस्ती. जुन्या नोंदींत यासाठी 'साइट_टाइप' (site_type) दिसेल, ते सोडा. सातवाहनकाळातलं जुनं गाव तेर जवळ आहे म्हणून 'सातवाहनकालीन' ठोकून देऊ नका. आधी खापरांचे फोटो तेरच्या संग्रहालयात दाखवा. गूगलच्या नकाशावरून उतरवणं परवान्यात बसत नाही. आणि नाणी सापडलीच, तर नेमकी कुठं ते लिहू नका, गुप्तधनवाले टपलेलेच असतात.